खोकल्याचा रुग्ण आला की: वॉर्डात आणि घरात संसर्ग कसा थांबवायचा

श्वसनाच्या संसर्गाचं निदान व्हायला काही तास लागतात, कधी काही आठवडे. पसरायला तेवढा वेळ लागत नाही. फ्लूचा रुग्ण लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून विषाणू बाहेर टाकत असतो. गोवराचा रुग्ण अंगावर पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून इतरांना लागण करू शकतो. क्षयाचा रुग्ण ‘जुना खोकला आहे’ म्हणत कित्येक आठवडे रांगांमध्ये बसलेला असतो. २०१५ साली दक्षिण कोरियात मर्सची (कोरोनाविषाणूमुळे होणाऱ्या गंभीर श्वसनविकाराची) साथ एका प्रवाशापासून सुरू झाली. निदान होईपर्यंत तो एकामागून एक दवाखाने फिरला होता. त्याला धरून एकूण १८६ जणांना लागण झाली आणि ती मुख्यतः रुग्णालयांतच झाली: शेजारच्या खाटेवरचे रुग्ण, सोबतीला बसलेले नातेवाईक, भेटायला आलेली माणसं, कर्मचारी.

म्हणून खबरदारी लक्षणावर सुरू करायची, रिपोर्टवर नाही. ताप आणि खोकला, किंवा ताप आणि पुरळ, किंवा दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला दिसला की मास्क, खिडकी आणि वेगळी जागा ही तीन कामं त्याच क्षणी करायची. रिपोर्ट निगेटिव्ह आला तर सगळं मागे घेता येतं. उशीर मात्र भरून निघत नाही.

संसर्ग पोचतो कसा

श्वास, बोलणं, खोकला आणि शिंक यांतून निरनिराळ्या आकारांचे कण बाहेर पडतात. मोठे थेंब एक-दोन मीटरच्या आत खाली बसतात. बारीक कण तरंगत राहतात आणि बंद खोलीत साचत जातात. खोलीच्या कोपऱ्यात कुणी सिगारेट ओढली तर धूर जिथे जिथे पोचेल, तिथे हे कणही पोचतात. गोवराचा विषाणू तर रुग्ण निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत टिकू शकतो.

पूर्वी पाच मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रेघ मारून ‘थेंबाचे आजार’ आणि ‘हवेचे आजार’ अशी वाटणी शिकवली जायची. २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेने ही रेघ बाजूला ठेवली आणि सगळ्याच आकारांच्या कणांना मिळून एक संज्ञा सुचवली. व्यवहारात याचा अर्थ असा, की ‘हा फक्त थेंबाचा आजार आहे, दोन मीटर लांब बसलं की झालं’ असं कोंदट खोलीत धरून चालता येत नाही. आजार हवेतून पसरतो याचा पुरावा तसा जुनाच आहे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात क्षयाच्या वॉर्डातली हवा नळावाटे वरच्या मजल्यावर ठेवलेल्या गिनीपिगांपर्यंत नेली होती. त्या प्राण्यांचा रुग्णांशी कसलाच संपर्क नव्हता, तरी त्यांना क्षय झाला. ज्या गिनीपिगांकडे जाणाऱ्या हवेवर अतिनील किरण सोडले, ते वाचले.

हात आणि पृष्ठभागांवरूनही लागण होते. लहान मुलांच्या श्वसनमार्गाला लागण करणाऱ्या आरएसव्हीसारख्या विषाणूंत हा मार्ग बराच महत्त्वाचा आहे. पण घरोघरी आणि वॉर्डावॉर्डांत फरशी तीन वेळा पुसली जाते आणि खिडकी दिवसभर बंद असते. मेहनतीची ही वाटणी उलटी आहे.

हवा: सगळ्यात जास्त लक्ष इथे

आधी एक गैरसमज. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा गार करून पुन्हा फिरवतो. त्यातली जाळी मोठी धूळ अडवते, विषाणू वाहून नेणारे बारीक कण नाही. छताचा पंखाही तसाच. खिडक्या उघड्या असतील तर तो मदत करतो, बंद असतील तर एका कोपऱ्यातली हवा सगळ्यांपर्यंत पोचवतो.

खोलीतली हवा किती बदलते हे ‘ताशी किती वेळा’ या मापात सांगतात. ताशी ६ म्हणजे खोलीच्या आकारमानाच्या सहापट हवा तासाभरात आत येते आणि तेवढीच बाहेर जाते. नवी हवा जुन्या हवेत मिसळत असल्यामुळे एका फेरीत सगळे कण जात नाहीत, सुमारे ६३ टक्के जातात. या हिशेबाने ताशी २ वेळा हवा बदलणाऱ्या खोलीतले ९९ टक्के कण जायला सुमारे १३८ मिनिटं लागतात, ताशी ६ ला ४६ आणि ताशी १२ ला २३ मिनिटं. ९९.९ टक्के हवे असतील तर हीच वेळ दीडपट होते. रुग्ण गेल्यावर खोली कधी झाडायची आणि पुढचा रुग्ण कधी घ्यायचा, हे या आकड्यांवरून ठरवायचं. कोंदट तपासणी खोलीत पाच मिनिटांनी पुढच्याला बोलावलं तर तो आधीच्या रुग्णाचा श्वास घेतो.

नैसर्गिक वायुवीजनाच्या वॉर्डासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं माप असं: साध्या वॉर्डात दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर, आणि हवेतून पसरणाऱ्या आजारांच्या वॉर्डात १६० लिटर. हे मोजायला यंत्र लागत नाही. समोरासमोर खिडक्या असतील तर

०.६५ × वाऱ्याचा वेग (मीटर प्रति सेकंद) × लहान बाजूच्या उघड्या जागेचं क्षेत्रफळ (चौरस मीटर) × १०००

हा गुणाकार करा. वारा सेकंदाला १ मीटर आणि उघडी जागा अर्धा चौरस मीटर असेल तर ३२५ लिटर येतात, म्हणजे पाच साध्या रुग्णांना पुरतील इतके. खिडक्या एकाच बाजूला असतील तर ०.६५ च्या जागी ०.०५ घ्या. उत्तर २५ लिटर, एका रुग्णालाही अपुरं. समोरची एक खिडकी कपाट लावून बंद केली की काय गमावतो, ते या दोन आकड्यांत दिसतं. डासांची जाळी असेल तर उत्तर निम्मं धरा. सरकती खिडकी पूर्ण ‘उघडली’ तरी निम्मीच उघडी असते, तेव्हा मोजमाप चौकटीचं नाही, प्रत्यक्ष मोकळ्या जागेचं घ्या. वारा पडतो तेव्हा, आणि रात्री थंडीमुळे खिडक्या लावून घेतात तेव्हा, हा सगळा हिशेब शून्यावर येतो. त्या वेळेसाठी एक्झॉस्ट फॅन हवाच.

हवेच्या प्रमाणाइतकीच तिची दिशा महत्त्वाची. स्वच्छ बाजूकडून कर्मचाऱ्यांकडे, तिथून रुग्णाकडे आणि मग बाहेर, असा ओघ हवा. नर्सिंग स्टेशन आत येणाऱ्या हवेच्या बाजूला ठेवा आणि जास्त खोकणाऱ्या रुग्णाची खाट बाहेर जाणाऱ्या बाजूच्या खिडकीपाशी. उकाड्यात कुणीतरी पेडस्टल फॅन आणून रुग्णांकडून कर्मचाऱ्यांच्या टेबलाच्या दिशेने लावतो आणि सगळी मांडणी उलटी होते. पंखा सरकला की दिशा पुन्हा तपासा.

ऋण दाबाची खोली (जिथली हवा यंत्राने ओढून घेतात, म्हणजे ती दारातून बाहेर पडत नाही) असेल तर ताशी किमान १२ वेळा (जुन्या इमारतीत निदान ६) हवा बदलायला हवी आणि बाहेरच्या तुलनेत दाब किमान २.५ पास्कल कमी हवा. ही खोली बिघडते ती बहुतेक वेळा यंत्रामुळे नाही. दाराला पाचर लावून ते उघडं ठेवलं जातं, किंवा कुणी चांगल्या हेतूने खिडकी उघडतो. इतरत्र उघडी खिडकी हवी, या खोलीत ती घात करते. भिंतीवरच्या मीटरवर विसंबू नका, रोज दारापाशी कागदाची पट्टी धरून बघा. पट्टी कशी धरायची ते पुढे घराच्या भागात सांगितलं आहे.

कार्बन डायऑक्साइडचा छोटा मीटर उपयोगी पडतो. बाहेरच्या हवेत हा वायू ४२० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतो. माणसं बसलेल्या खोलीत तो ८०० च्या वर टिकून राहिला तर हवा कमी पडते आहे. मात्र एअर प्युरिफायर चालू असताना हा आकडा खाली येत नाही, कारण फिल्टर कण पकडतो, वायू नाही. आकडा जास्त म्हणून प्युरिफायर निकामी, असा निष्कर्ष काढू नका.

प्युरिफायर घेताना खोलीचं आकारमान मोजा. ३ मीटर × ४ मीटर × ३ मीटर खोली म्हणजे ३६ घनमीटर. ताशी ६ फेऱ्यांसाठी २१६ घनमीटर प्रतितास शुद्ध हवा देणारं यंत्र लागेल. यंत्रावर छापलेला आकडा सगळ्यात जोराच्या गतीचा असतो आणि आवाजामुळे माणसं ते सगळ्यात हळू गतीवर चालवतात. म्हणून गरजेपेक्षा मोठं यंत्र घेऊन मधल्या गतीवर चालवा. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण पकडतो. यंत्र भिंतीला चिकटवून किंवा खाटेखाली ठेवलं तर स्वतःचीच हवा पुन्हा पुन्हा ओढत बसतं. ओझोन सोडणारी यंत्रं घेऊच नका. ओझोन श्वासनलिकेला इजा करतो.

मास्क: कुणी कुठला, आणि तो नीट बसला का

रुग्णाने सर्जिकल मास्क लावायचा, म्हणजे कण उगमापाशीच अडतात. जवळून काळजी घेणाऱ्याने एन९५ किंवा त्याच दर्जाचा मास्क लावायचा. धाप लागलेल्या रुग्णावर एन९५ लादू नका. झडप असलेला मास्क रुग्णाला कधीच नको, त्यातून बाहेर जाणारा श्वास गाळला जात नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला, बेशुद्ध माणसाला आणि स्वतःहून मास्क काढता येत नाही अशा कुणालाही मास्क लावायचा नाही.

एन९५ चं काम बसण्यावर आहे, कापडावर नाही. नाकाशेजारी बोटभर फट राहिली की हवा तिथूनच जाते. लावायची पद्धत अशी: मास्क हनुवटीखालून नाकावर आणा. वरचा पट्टा डोक्याच्या मागच्या उंच भागावर आणि खालचा कानांखालून मानेवर घ्या. दोन्ही पट्टे मानेवरच घेतले तर मास्क खाली घसरतो. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी, मधून बाहेरच्या दिशेने दाबत बसवा. एका हाताच्या चिमटीने दाबली तर मधोमध कोन पडतो आणि त्या कोनातून हवा सुटते. मग दोन्ही तळवे मास्कवर हलके ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे वारा लागला तर नाकाची पट्टी पुन्हा बसवा, गालाशी लागला तर पट्टे ओढून घ्या. जोरात श्वास आत घेतल्यावर मास्क किंचित आत ओढला गेला पाहिजे. एका दिवसाची खुंटंही सील तोडतात, त्यामुळे दाढीवर एन९५ बसत नाही. रुग्णालयात प्रत्येक कर्मचाऱ्याची फिट टेस्ट (मास्क चेहऱ्यावर फट न राहता बसतो का याची चाचणी) वर्षातून एकदा, ज्या मॉडेलचा मास्क प्रत्यक्ष मिळणार त्याच मॉडेलवर करा.

एन९५ धुऊ नका, त्यावर सॅनिटायझर फवारू नका. या मास्कमधले तंतू स्थिर विद्युतभारानेही कण ओढून धरतात. अल्कोहोलने तो भार जातो, मास्क दिसायला तसाच राहतो आणि गाळायचं काम निम्म्यावर येतं. ओला, मळलेला किंवा सैल झालेला मास्क टाकून द्या.

काढताना चूक जास्त होते. क्रम असा: ग्लोव्ह्ज, गाऊन, हात स्वच्छ, गॉगल, आणि सगळ्यात शेवटी, खोलीबाहेर येऊन दार लावल्यावर, मास्क. आधी खालचा पट्टा डोक्यावरून काढा, मग वरचा, पुढचा भाग न शिवता. पुन्हा हात स्वच्छ करा. आणि आणखी एक: वॉर्डात काटेकोर मास्क लावणारे कर्मचारी चहाच्या वेळी छोट्या बंद खोलीत मास्क काढून एकत्र बसतात. विश्रांतीच्या खोलीची खिडकी वॉर्डाच्या खिडकीइतकीच महत्त्वाची आहे.

रुग्णालयाच्या दारापासून खाटेपर्यंत

नोंदणीच्या खिडकीच्या आधी एक माणूस उभा करा. त्याने तीनच प्रश्न विचारायचे: ताप आहे का, खोकला किंवा धाप आहे का आणि किती दिवस, अंगावर पुरळ आहे का. एका जरी प्रश्नाला ‘हो’ आलं की तिथेच मास्क द्यायचा आणि वेगळ्या, शक्यतो उघड्या हवेतल्या बाकावर बसवायचं. रांगेत त्याचा नंबर पुढे घ्या. खोकणाऱ्याला प्राधान्य देणं हे बाकीच्या रांगेचं संरक्षण आहे, आणि तसं रांगेतल्यांना सांगितलं तर कुरकुर होत नाही. थुंकीचा नमुना उघड्यावर किंवा त्यासाठीच केलेल्या जागी घ्या, स्वच्छतागृहात कधीच नाही.

खाटांच्या कडांमध्ये किमान एक मीटर अंतर ठेवा आणि एकाआड एक खाटेची उशी उलट बाजूला करा. एकाच आजाराचं निदान पक्कं झालेले रुग्ण एकत्र ठेवता येतात. संशयित मात्र पक्क्या निदानाच्या रुग्णांत ठेवू नका, नाहीतर नसलेला आजार तिथे मिळतो. एक्स-रेला पाठवताना रुग्णाला मास्क लावा, तिकडे आधी कळवा आणि शक्यतो त्याचा नंबर शेवटचा ठेवा.

आजारी कर्मचारी कामावर येणं हे वॉर्डातल्या साथींचं नेहमीचं कारण आहे. रजा मागणाऱ्याला अपराधी वाटावं असं वातावरण असेल तर माणसं तापाची गोळी खाऊन येतात. औषधाशिवाय २४ तास ताप नसेल तेव्हाच कामावर घ्या. दर वर्षीची फ्लूची लस आणि गोवराचे दोन डोस कर्मचाऱ्यांना झालेत का, याची यादी वॉर्डप्रमुखाकडे असावी.

ऑक्सिजन, नेब्युलायझर, व्हेंटिलेटर

२००३ साली सार्सच्या (मर्ससारख्याच श्वसनविकाराच्या) साथीच्या वेळी हाँगकाँगच्या एका मोठ्या रुग्णालयात पहिल्या रुग्णाला नेहमीच्या वॉर्डात नेब्युलायझर (औषधाचं धुकं करून श्वासावाटे देणारं यंत्र) दिला गेला आणि त्या वॉर्डातून मोठी साथ पसरली. संसर्गाचा संशय असेल तर नेब्युलायझरऐवजी स्पेसर (इन्हेलर आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी) लावून इन्हेलर द्या. औषध पोचतं आणि धुकं पसरत नाही. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि तसाच वाळू द्या. फडक्याने पुसला तर आत स्थिर विद्युत तयार होते आणि औषध भिंतींना चिकटून बसतं.

नेब्युलायझर द्यावाच लागला तर खिडकी उघडी, दार बंद आणि बाकीचे बाहेर. वापर झाल्यावर दर वेळी कप आणि तोंडाचा भाग सुटा करून साबणाने धुवा. मग निर्जंतुक करा: उत्पादकाची परवानगी असेल तर ५ मिनिटं उकळा, किंवा ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ५ मिनिटं बुडवा आणि उकळून गार केलेल्या पाण्याने खळबळा. स्वच्छ कापडावर उघड्यावर वाळू द्या. ओला कप डबीत बंद करून ठेवला की त्यात जंतू वाढतात आणि पुढच्या डोसबरोबर थेट फुप्फुसात जातात.

ऑक्सिजनला ओलावा देणाऱ्या ह्युमिडिफायर बाटलीचंही तेच. मिनिटाला ४ लिटरपर्यंतच्या प्रवाहाला सहसा ओलाव्याची गरज नसते, तेव्हा बाटलीत पाणी भरूच नका. गरज असेल तर निर्जंतुक पाणी वापरा, नळाचं नाही. पातळी उतरली म्हणून वरून भर घालू नका: उरलेलं ओता, बाटली धुऊन वाळवा, मग नवं पाणी भरा. हे रोज करायचं आणि बाटलीवर तारीख लिहायची.

पडून असलेल्या रुग्णाला बाहेरून आलेल्या जंतूंइतकाच स्वतःच्या तोंडातल्या जंतूंचा धोका असतो. लाळ श्वासनलिकेत उतरते आणि न्यूमोनिया होतो. उशाकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवा. रुग्ण हळूहळू खाली घसरतो आणि कोन फक्त खाटेचा उरतो, म्हणून दर फेरीला त्याला वर ओढून बसवा. दात दिवसातून दोनदा ब्रशने घासा, कवळी रात्री काढून धुऊन ठेवा. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णालाही ब्रश करायचाच. तोंडासाठी क्लोरहेक्सिडिन आता सुचवलं जात नाही. श्वासनलिकेतल्या नळीभोवतीच्या फुग्याचा (कफचा) दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका ठेवा. सर्किटमध्ये (व्हेंटिलेटर आणि रुग्ण यांना जोडणाऱ्या नळ्यांत) साचलेलं पाणी रुग्णाच्या उलट दिशेने काढा आणि सर्किट मळलं किंवा बिघडलं तरच बदला. शक्य होताच रुग्णाला खुर्चीत बसवा, चालवा.

हात आणि पृष्ठभाग

हात मळलेले दिसत असतील तर साबण-पाणी, ४० ते ६० सेकंद. नसतील तर ६० ते ८० टक्क्यांचं अल्कोहोल तळवाभर घेऊन २० ते ३० सेकंद, वाळेपर्यंत चोळायचं. दोन थेंब घेतले तर ते दहा सेकंदांत उडतं आणि अंगठा, बोटांची टोकं तशीच राहतात. ओल्या हातावर सॅनिटायझर पातळ होतं. रुग्णाला हात लावायच्या आधी, स्वच्छ कामाच्या आधी, शरीरद्रवाशी संपर्कानंतर, रुग्णाला हात लावल्यानंतर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर, असे पाच क्षण ठरलेले आहेत. पाचवा सगळ्यात जास्त राहतो. ग्लोव्ह्ज घालून एका खाटेवरून दुसरीकडे गेलं तर ग्लोव्ह्जच जंतू वाहून नेतात.

पृष्ठभाग आधी साबणाने पुसा. मळावर ब्लीच वाया जातं. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर ०.१ टक्क्याचं द्रावण करायला २० मिली ब्लीच आणि ९८० मिली गार पाणी घ्या. रक्त सांडलेल्या जागेसाठी ०.५ टक्के: १०० मिली ब्लीच, ९०० मिली पाणी. ३० टक्क्यांची ब्लीचिंग पावडर असेल तर लिटरला अनुक्रमे सुमारे ३.३ आणि १७ ग्रॅम. पुसल्यावर दहा मिनिटं ओलं राहू द्या. द्रावण रोज नवं करा. टॉयलेट क्लीनरचं अ‍ॅसिड किंवा अमोनिया ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका, त्यातून निघणारा वायू फुप्फुसं जाळतो. फवारणी नको, फडकं वापरा. फोन, ऑक्सिमीटर आणि स्टेथोस्कोप ७० टक्के अल्कोहोलने पुसा. खाटेचा कठडा, कळफलक, बटणं, दाराची मूठ या जागा फरशीच्या आधी.

घरात

बाहेरच्या मोकळ्या बाजूला खिडकी असलेली खोली रुग्णाला द्या. खिडकी दुसऱ्यांच्या खिडक्या उघडणाऱ्या डक्टमध्ये किंवा जिन्यात उघडत असेल तर तिथे पंखा लावून हवा ढकलू नका. तसं नसेल तर खिडकीत टेबल फॅन तोंड बाहेर करून ठेवा आणि त्याच्या भोवतालची रिकामी जागा पुठ्ठ्याने बंद करा. ती उघडी राहिली तर बाहेर फेकलेली हवा बाजूने परत आत येते. खोलीचं दार लावा, खाली एक-दोन सेंटिमीटरची फट असू द्या. घराच्या दुसऱ्या टोकाची खिडकी उघडा.

आता टिश्यू पेपरचा एक पदर सुटा करून दोन बोटं रुंदीची पट्टी कापा आणि दाराबाहेर बसून फटीपाशी लोंबती धरा. पट्टी खोलीच्या आत ओढली गेली तर मांडणी बरोबर आहे. ती तुमच्या दिशेने फुगली तर रुग्णाच्या खोलीतली हवा घरात येते आहे. कारण सहसा दोनांपैकी एक असतं: स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट जास्त जोराचा आहे, किंवा वारा नेमका रुग्णाच्या खिडकीवर येतो आहे. पहिल्यासाठी स्वयंपाकघराची खिडकी उघडा आणि पुन्हा पट्टी धरा. दुसऱ्यासाठी पंख्याची गती वाढवा किंवा खोली बदला. घरात गॅस गिझर असेल तर एक्झॉस्टच्या ओढीने त्याचा धूर उलटा आत येऊ शकतो, त्यामुळे तो चालू असताना जवळची खिडकी उघडी हवीच.

काळजी एकाच माणसाने घ्यावी: निरोगी, लस झालेला, गरोदर नसलेला. आत जाताना एन९५. वेगळं स्वच्छतागृह नसेल तर रुग्णाने मास्क लावून जावं, नंतर एक्झॉस्ट चालू ठेवून खिडकी उघडी ठेवावी आणि बाकीच्यांनी शक्य तितक्या उशिरा जावं. भांडी नेहमीच्या साबणाने घासली की पुरे. कपडे झटकू नका, तसेच उचलून नेहमीच्या पावडरीने धुवा. बाळाला पाजणाऱ्या आईला फ्लू झाला तर मास्क लावून, हात धुऊन तिने पाजत राहावं.

ऑक्सिमीटर लावायचं बोट कोमट आणि नखं बिनरंगाची हवीत. एरवी निरोगी असलेल्या माणसाचा आकडा ९४ च्या खाली राहिला तर डॉक्टरांना कळवा. ९० किंवा कमी आला तर थेट रुग्णालयात न्या. मुलांचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, ते शांत असताना. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, २ ते ११ महिने ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षं ४० किंवा जास्त, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर थांबू नका.

वेगळं किती दिवस राहायचं हे आजारावर आहे. फ्लू आणि तत्सम तापात औषधाशिवाय २४ तास ताप नसेपर्यंत आणि तब्येत सुधारू लागेपर्यंत, त्यानंतर आणखी पाच दिवस माणसांत मास्क. गोवरात पुरळ उठल्यावर चार दिवस. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. डांग्या खोकल्यात योग्य अँटिबायोटिक सुरू केल्यापासून पाच दिवस, औषध घेतलं नाही तर २१ दिवस. क्षयात हे डॉक्टरांनी ठरवायचं: परिणामकारक औषधं सुरू झाली की संसर्गाची शक्यता लवकर घटते, पण औषधं लागू पडत आहेत हे आधी कळायला हवं. क्षयरुग्णाच्या घरातल्या प्रत्येकाची तपासणी करून घ्या. पाच वर्षांखालची मुलं आणि एचआयव्ही असलेल्या व्यक्ती यांना क्षय झालेला नाही असं तपासणीत दिसलं, तरी त्यांच्यासाठी प्रतिबंधक औषधाबद्दल त्याच भेटीत विचारा.